चोरून घ्यायचं औषध

सोयाबीन कापून शेताशेतांत पेंढ्या रचलेल्या सुड्या उभ्या राहिल्या, की गोविंदाच्या घरातली पहाट प्रेरणाच्या शिंकांनी उजाडायची. एक शिंक आली की मागोमाग माळच लागायची. तव्यावर भाकरी फुगलेली असायची आणि पोरगी तोंडाला ओढणी लावून अंगणात पळायची. डोळे लाल, नाक सोलून निघालेलं. धाकटी छकुली मग तवा सांभाळायची. दोघींची आई कोकिळा गोठ्यातून ओरडायची, "वाफ घे वं माय, वाफ घे!" आणि बाप गोविंदा दात घासता घासता एवढंच म्हणायचा, "दरसालचंच हाय हे. थंडी पडली की जाईन."

मोताळ्याहून फार लांब नसलेलं हे गाव. आश्विनात तिथं बांधाबांधाला गाजरगवत पांढरं फुललेलं असतं, आणि दिवसभर कुठल्या ना कुठल्या शेतात मळणीयंत्र धडधडत असतं. कुटाराची, म्हणजे मळणीतल्या भुशाची, पिवळी धूळ पार घरातल्या पाण्याच्या माठावर येऊन बसते. सगळं गाव त्या धुळीत खोकतं आणि विसरून जातं. प्रेरणाला विसरता येत नव्हतं.

कोकिळानं सगळे उपाय करून पाहिले होते. हळदीचं दूध दिलं. ओव्याची धुरी दिली, तर पोरीचा जीव आणखीच घुसमटला. मोटारसायकलवर बॅग अडकवून गावोगाव फिरणाऱ्या एका डॉक्टरकडून सुया टोचून घेतल्या. त्याची पदवी कुणी पाहिली नव्हती, पण त्याच्या सुईनं चार दिवस आराम पडायचा. मग पोरीचा चेहरा सुजायचा. प्रेरणा त्याची हुबेहूब नक्कल करायची. डोळे बारीक करून, हवेत सुई धरून, घोगऱ्या आवाजात म्हणायची, "घाबरू नोको बाई, लाल औषध टाकलं, घोड्यासारखी पळशील!" छकुली हसून लोळायची. कोकिळाही हसायची. प्रेरणा घरात असली की रडायचं काही आहे हेच कुणाच्या लक्षात राहत नसे.

एका दुपारी मात्र पोरीच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. बोलताना वाक्य तुटू लागलं. कोकिळानं नवऱ्याला बाजाराचं निमित्त सांगितलं आणि पोरीला घेऊन मलकापूरची गाडी धरली.

सरकारी दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती. तिनं छातीला नळी लावली, नाकात बॅटरी मारली आणि नीट समजावून सांगितलं, "ही ॲलर्जी आहे, आणि आता ती छातीत उतरलीय. दमा म्हणतात याला. शब्दाला घाबरू नका. ही गोळी रोज घ्यायची. दम लागला तर हा पंप ओढायचा. आणि महिन्यानं परत दाखवायला यायचं, म्हणजे कायमचं औषध बसवता येईल. धुळीत, मळणीत अजिबात जायचं नाही." पंप दवाखान्यात संपलेला होता. तिनं चिठ्ठीवर औषधांची मूळ नावं लिहून दिली.

दवाखान्यासमोरच्या मेडिकलमध्ये दुकानदारानं जी किंमत सांगितली ती ऐकून कोकिळानं हात मागं घेतला. ती ओट्यावर बसली. शेजारी लेकराला पाजत बसलेल्या एका अनोळखी बाईनं तिचा चेहरा पाहिला आणि म्हणाली, "स्टेशनच्या रस्त्यानं जा ना माय. तिथं जेनेरिकचं दुकान हाय. माह्या सासऱ्याच्या गोळ्या मी तिथूनच नेतो."

दुकान लहानसं, एका शटरचं होतं. चंद्रशेखर नावाचा माणूस ते चालवायचा. त्यानं गोळ्या काढल्या, पंप काढला. सगळं मिळून दवाखान्यासमोरच्या दुकानातल्या नुसत्या गोळ्यांपेक्षाही कमी झालं. कोकिळाला उलट भीतीच वाटली.

"इतकं सस्त काऊन हो भाऊ? खडूच्या तं नाहीत ना?"

चंद्रशेखर वैतागला नाही. हा प्रश्न त्याला रोजचाच असावा. त्यानं मोठ्या कंपनीची एक पट्टी काढून स्वतःच्या पट्टीशेजारी ठेवली आणि प्रेरणाला म्हणाला, "ताई, दोन्हींवरचं बारीक अक्षर वाचा."

प्रेरणा बी.ए.ला होती. तिनं वाचलं. "सेटिरिझिन. आणि याच्यावर बी सेटिरिझिनच हाय की, आई!"

"वरचं ठळक नाव कंपनीचं," चंद्रशेखर म्हणाला. "आतलं औषध एकच. पण पंप आपल्या मनानं कमी-जास्त करू नका. डॉक्टरीणबाईंनी बोलावलंय तेव्हा जा."

त्या रात्री प्रेरणा सरळ आडवी होऊन झोपली. आठवड्याभरात तिचा आवाज मोकळा झाला. ती छकुलीला औषधांची नावं पाढ्यासारखी म्हणायला लावायची आणि चुकली की डोक्यात टपली मारायची. औषध सापडलं होतं, परवडणारं होतं, लागूही पडलं होतं. खरं तर ही गोष्ट इथंच संपायला हवी होती.

महिना झाला तशी प्रेरणा म्हणाली, "आई, डॉक्टरीणबाईनं बोलावलंय ना." नेमका त्याच सुमारास कोकिळाचा भाऊ गजेंद्र येऊन गेला होता. दवाखान्याचं तोवर कोकिळानं त्याला आणि गोविंदाला सांगितलेलं होतं. नात्यातली निम्मी लग्नं त्यानंच जुळवलेली. खाटेवर बसून त्यानं गोविंदाला सांगितलं, "पोरगी मलकापूरच्या दवाखान्यात दिसली म्हणून मले तिकडं एकानं इचारलं. काय झालं म्हणे भाचीले? मी म्हनलं, ताप होता. पाहुण्यारावळ्यात एकदा दम्याचं नाव निंघालं ना दाजी, पोरगी घरातच बुढी होईन."

गोविंदानं मान हलवली. दवाखान्याची दुसरी फेरी झालीच नाही. गोळ्या आणि पंप कोकिळा बाजाराच्या पिशवीत भाजीखाली घालून आणू लागली. काही पाप करत असल्यासारखी पदर ओढून ती त्या दुकानात शिरायची.

अमडापूरचं स्थळ गजेंद्रनंच आणलं. मुलगा गोकुळ, घरची ओलिताची शेती, बाप पुंजाजी गावात मान असलेला. पाहण्याचा कार्यक्रम मुद्दाम चैत्रात ठेवला, कारण चैत्रात प्रेरणाला काहीच होत नसे. आदल्या दिवशी ती आईजवळ येऊन बसली.

"आई, सांगून टाकू ना आपण. मंग कयलं तं?"

"काही कयत नाही. लग्न झालं, हवापानी बदललं की थांबते आपोआप."

"डॉक्टरीणबाई तं असं नाही म्हणाली."

"तिले काय होते म्हणाले? तिच्या घरी दोन पोरी हायत का लग्नाच्या?"

हवापाण्यानं काही थांबत नसतं, हे कोकिळाला ठाऊक होतं. अमडापूरलाही सोयाबीनच पिकतं, तिथंही बांधाला तेच गाजरगवत आहे. पण छकुली मागून येत होती, गोविंदाची झोप उडाली होती, आणि पाहुणे हुंडा मागत नव्हते. एवढं चांगलं घर पुन्हा मिळणार नाही, असं सगळेच म्हणत होते. प्रेरणानं आईकडं पाहिलं आणि मग गजेंद्रमामाची नक्कल केली, "पोरगी घरातच बुढी होईन!" दोघी हसल्या. विषय तिथंच मिटला.

लग्न वैशाखात झालं. गोकुळ मनानं बरा होता. कमी बोलायचा, पण बायकोच्या नकलांना खळखळून हसायचा. पावसाळा चांगला गेला. पोळा झाला, गणपती झाले, बांध पांढरे फुलू लागले. प्रेरणा गोळी पावडरच्या डब्यात ठेवायची आणि पाणी भरायला गेली की घ्यायची. पंप कपड्यांच्या घडीत असायचा. शिंक आली की ती म्हणायची, फोडणीचा ठसका लागला.

नवरात्रात घर सारवताना सासूच्या, गोजरबाईच्या हाती गोळ्यांची पट्टी लागली. तिला वाटलं, सून पोट राहू नये म्हणून गोळ्या घेते. घरात आकांत झाला. मग पंप सापडला, आणि पोटाचा संशय मिटून त्याहून मोठं काहीतरी उभं राहिलं. गोकुळनं सासऱ्याला फोन केला, "मामा, तुम्ही आम्हाले फसवलं." त्यानं फोन ठेवून दिला.

कोकिळा आणि गजेंद्र दुसऱ्याच दिवशी अमडापूरला गेले. बैठकीत पुंजाजी बसले होते. बाजूच्या फळीवर त्यांच्या रक्तदाबाच्या, साखरेच्या औषधांचे डबे नीट मांडून ठेवलेले. येणाऱ्याजाणाऱ्याला ते सहज दिसत होते आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

"इहीनबाई," पुंजाजी म्हणाले, "जनावर घेतो तं त्याचा दोष सांगते मानूस. हे तं पोरीचं काम होतं."

गजेंद्र हात जोडून म्हणाला, "चूक झाली. पदरात घ्या."

कोकिळा म्हणाली, "दोष नाही हो तो. औषध घेतलं की काहीच होत नाही तिले. सस्त हाय, आम्ही आणून देतो दर महिन्याले. तुम्हाले काही तोशीस नाही पडनार."

आतून गोजरबाई बाहेर आली. ती ओरडली नाही. सरळ कोकिळासमोर येऊन बसली.

"पैशाची गोष्ट नाही इहीनबाई. माही पोरगी लग्नाची हाय. उद्या पाहुणे येतीन, सून त्याईच्यासमोर तो पंप तोंडात घालीन. मंग? या घरात दमा हाय म्हणतीन. माह्या पोरीले कोण करीन?"

"पण औषध नाही घेतलं तं..."

"तुम्ही तुमच्या पोरीसाठी लपवलं ना? मी माह्या पोरीसाठी लपवतो. तुमचं खरं न् माहं खोटं कसं?"

कोकिळानं जे केलं होतं तेच आता तिच्यापुढं येऊन बसलं होतं, तिच्याच वयाचं, तिच्यासारखीच काळजी करणारं. ठरलं असं: सून राहील, पण पंप या घरात दिसणार नाही. शिंका आल्या तर काढा घ्यायचा. फारच झालं तर गावातला सुईवाला आहेच. प्रेरणा दाराच्या चौकटीला टेकून हे ऐकत होती. तिला कुणी विचारलं नाही.

निघताना ती वेशीपर्यंत आली. धाप लागू नये म्हणून हळू चालत होती.

"आई, मले घेऊन चाल."

कोकिळाचं पाऊल थांबलं. तिनं गजेंद्रकडं पाहिलं. तो घाईनं म्हणाला, "आत्ता नेली तं कायमचीच येईन. मंग छकुलीचं काय?"

"दिवाळीले नेतो तुले," कोकिळा म्हणाली. "थोडंसं सोस. दिवाळीले येतोच मी."

प्रेरणानं मान हलवली. कुणाची नक्कल केली नाही, काही नाही. गाडी आली तेव्हा ती हात हलवत उभी होती, आणि दुसऱ्या हातानं तिनं पदर नाकाला घट्ट धरला होता.

त्या वर्षी अमडापुरात मजूर मिळेनात. पावसाचे ढग दाटून आले होते आणि सुड्या भिजल्या तर वर्षाचं पीक मातीत जाणार होतं. सगळं घर मळणीला लागलं. गोकुळ म्हणाला, "ती राहू दे घरी." गोजरबाई म्हणाली, "शेजारपाजारच्या सगळ्या सुना राबून राह्यल्या. हीच काऊन घरी, असं लोकं इचारतीन ना!" प्रेरणाच म्हणाली, "जातो मी. फडकं बांधतो तोंडाले." ती यंत्राच्या तोंडाशी पेंढ्या देत राहिली आणि कुटार तिच्या अंगावर उडत राहिलं.

त्या दिवशी दुपारी कोकिळा आणि छकुली कापूस वेचत होत्या. फोन वाजला. गोकुळचा होता.

"मामी, त्या पंपाचं नाव काय होतं?"

"कोणता पंप?"

"तिचा! दम्याचा! आमच्या आईनं फेकून देला होता तो. सुईवाल्यानं सुई देली, फरक नाही पडून राह्यला. मी मेडिकलवर उभा हावो. हा इचारून राह्यला कोणता पायजे म्हणून. लवकर सांगा मामी, तिचे ओठ काळे पडले!"

इतक्या वेळा कोकिळानं तो पंप भाजीखाली लपवून आणला होता, आणि तिला फक्त त्याचा रंग आठवत होता. "निळा," ती म्हणाली. "निळा होता बापू, निळा..."

छकुलीनं फोन हिसकावला. "जिजाजी, साल्ब्युटामॉल म्हणा! साल-ब्यु-टा-मॉल!" पलीकडं गोकुळ ते नाव अडखळत म्हणताना ऐकू आलं, आणि दुकानदार सहजपणे म्हणाला, "हाव, हाय ना." तो पंप कुणालाही हवा तेव्हा तिथं होता. अमडापुरात, गोकुळच्या घरापासून हाकेच्या अंतरावर.

फोन कट झाला.

प्रेरणाला चिखलीच्या दवाखान्यात न्यायला काढलेली मालवाहू गाडी मेडिकलजवळ रस्त्याच्या कडेला उभी होती. गोजरबाईनं सुनेचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि ती पदरानं वारा घालत होती. गोकुळ धावत आला, त्यानं पंप बायकोच्या ओठांना लावला, दाबला, पुन्हा दाबला. औषध बाहेर आलं. पण ते आत ओढून घ्यायला प्रेरणाजवळ श्वास उरला नव्हता. गाडी तशीच चिखलीला नेली. तिथल्या डॉक्टरनं नाडी पाहिली आणि गोकुळच्या खांद्यावर हात ठेवला.

प्रेरणाच्या मातीला जमलेल्या लोकांना पुंजाजींनी सांगितलं, हार्ट अटॅक आला. गजेंद्रनंही तेच सांगितलं. गोविंदानंही. दोन्ही घरांत लग्नाची एकेक पोरगी होती, म्हणून दोन्ही घरांचं या एका गोष्टीवर काही न बोलताच एकमत झालं. पोरगी जाऊनही तिचा आजार लपवायचाच राहिला.

तेरवीला अमडापुरात बायका जमल्या. गोजरबाईचे डोळे रडून सुजलेले होते, आणि ते रडणं खोटं नव्हतं. एक म्हातारी हळहळली, "इतक्या कवळ्या वयात हार्ट अटॅक? काय दिवस आले बाप्पा!"

कोकिळा म्हणाली, "हार्ट अटॅक नव्हता."

बायकांच्या माना तिच्याकडं वळल्या.

"दमा होता तिले. औषध होतं त्याच्यावर. भाजीपाल्याच्या पैशात येत होतं. आधी मी लपवलं, मंग इहीनबाईनं लपवलं. आम्ही दोघीनं मिळून मारली तिले."

गोजरबाईनं तोंडात पदर कोंबला. बाहेरून गोविंदा आला आणि बायकोला दंडाला धरून उठवून घेऊन गेला. परतीच्या वाटेत तो एवढंच म्हणाला, "छकुलीचा तरी इचार करायचा होता."

त्यानंतर गजेंद्रचं येणं थांबलं. छकुलीला कुठूनच विचारणा आली नाही. एकदा एक पाहुणे आले, चहा झाला, आणि कोकिळानं कुणी विचारायच्या आधीच सांगितलं, "हिलेबी यंदापासून हंगामात शिंका येतात. मोठीसारखं होऊ नये म्हणून आत्तापासून डॉक्टरीणबाईचं औषध चालू हाय." पाहुण्यांनी एकमेकांकडं पाहिलं आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठले. गोविंदा त्यांच्यामागं वेशीपर्यंत गेला. आल्यावर तो बायकोशी बोलेनासा झाला. गोकुळचं दुसरं लग्न ठरल्याचं कानावर आलं. त्याच्या बहिणीचंही जमलं. तिकडं सगळं सुरळीत होत गेलं.

पुढच्या आश्विनात एका दुपारी शेजारची पुष्पांजली मागच्या दारानं आली. तिची मुलगी दहावीत होती. आधी तिनं इकडचं तिकडचं काढलं, मग आवाज खाली आणून विचारलं, "काकू, ते मलकापूरचं सस्त औषधाचं दुकान... कुठं हाय म्हणे?"

कोकिळानं सरळ विचारलं, "पोरीची छाती वाजते?"

"छाती नाही, छाती नाही," पुष्पांजली घाईनं म्हणाली. "नुसत्या शिंका."

"आधी दवाखान्यात दाखव. मी येतो संगं. मंग दुकानात जाऊ. उघड जाऊ, पुष्पा."

पुष्पांजलीचा चेहरा उतरला. "उघड कसं जाऊ काकू? तुमच्या छकुलीचं पाहून राह्यलो ना आम्ही. तुम्ही फकस्त पत्ता द्या. आणि मी आली होती हे कोणाले सांगजा नोको."

कोकिळानं पत्ता सांगितला. पुष्पांजली आली तशीच मागच्या दारानं, भिंतीच्या कडेकडेनं निघून गेली.

मळणी सुरू झाली. गावावर पुन्हा पिवळी धूळ बसली. पुष्पांजलीच्या घराच्या खिडक्या दिवसाही बंद असायच्या. ती मलकापूरला गेली की नाही, कोकिळाला कळलं नाही. एवढं मात्र ऐकू यायचं, की भिंतीपलीकडं पोरीला शिंकांची माळ लागली की पुष्पांजली टीव्हीचा आवाज मोठा करते.

एके दिवशी त्या मोठ्या आवाजाच्या आडूनही कोकिळाला ती शिट्टी ऐकू आली. छातीतली. ती हातातलं सूप टाकून उठली. "कुठं चालली?" गोविंदानं किती तरी महिन्यांनी तिला विचारलं. ती शेजारच्या दारासमोर जाऊन उभी राहिली आणि तिनं कडी वाजवली.

आत टीव्हीचा आवाज आणखी वाढला.

कोकिळानं पुन्हा कडी वाजवली. रस्त्यावरून जाणारे-येणारे थांबून बघू लागले. तिनं त्यांच्याकडं पाहिलं नाही. ती कडी वाजवत राहिली.